सेरेन्डिपिटी: साराचा नशिबावर विश्वास होता की जोनाथनवर अविश्वास?

केळफूल

आमचा पाचसहा जणींचा सिनेमा-कट्टा आहे. महिन्यातून एकदा कुणा एकीच्या हॉलमध्ये जमतो. या वेळी 'सेरेन्डिपिटी' लावला. २००१ चा, पीटर चेल्समचा, जॉन क्युसॅक (जोनाथन) आणि केट बेकिन्सेल (सारा). सिनेमा दीड तासाचा, त्यावरचं भांडण मात्र अजून व्हॉट्सअ‍ॅपवर चालू आहे. म्हणून म्हटलं इथे विचारावं.

पाहिला नसेल तर पुढे वाचू नका, सगळं फोडणार आहे.

न्यूयॉर्क, नाताळची खरेदी, ब्लूमिंगडेल्स दुकान. काळ्या हातमोज्यांचा शेवटचा जोड, आणि त्यावर दोघांचे हात एकदमच पडतात. मग एकत्र काहीतरी गोड खाणं, सेंट्रल पार्कात स्केटिंग, तिच्या हातावरचे तीळ पेनाने जोडून त्याने काढलेला शर्मिष्ठा तारकासमूह (हे मला आवडलं, लपवत नाही). एवढं सगळं झाल्यावर तो फोन नंबर मागतो. ती चिठ्ठीवर लिहून देते, चिठ्ठी वाऱ्याने उडते आणि बाईसाहेबांना वाटतं, हा तर वरून आलेला नकार! मग ती त्याचा नंबर पाच डॉलरच्या नोटेवर लिहायला लावते आणि ती नोट लगेच खर्चून टाकते. स्वतःचं नाव-नंबर एका पुस्तकात लिहून ते जुन्या पुस्तकांच्या दुकानात विकणार म्हणते. नोट तिच्याकडे आली किंवा पुस्तक त्याच्याकडे पोचलं, तर आपण एकमेकांचे.

एवढ्यावरही समाधान नाही. वॉल्डॉर्फ हॉटेलात दोघांनी वेगवेगळ्या लिफ्टमध्ये शिरायचं आणि मनाने एक मजला निवडायचा. दोघंही २३ दाबतात! पण त्याच्या लिफ्टमध्ये सैतानाचा पोशाख घातलेलं एक कार्टं शिरतं आणि सगळी बटणं दाबत सुटतं. तो प्रत्येक मजल्यावर थांबत वर पोचेपर्यंत ही गेलेली. माझं डोकं फिरलं ते इथे. कौल उजवा पडला होता हो, पण ही गुरवाचं बोलणं संपायच्या आत देवळाबाहेर. आयुष्यभराचा माणूस शोधतेय आणि लिफ्टसाठी धीर नाही.

कट्ट्यावर दोन तट पडले. निम्म्या जणी म्हणतात सारा रोमँटिक आहे. माझं म्हणणं, तिला निर्णय घ्यायचा नाही म्हणून तिने तो नशिबावर ढकललाय. तुम्हाला काय वाटतं? आणि हॅलीबद्दलही बोला. जोनाथनची वाग्दत्त वधू. तिच्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही.

टिवल्याबावल्या

ताई, परीकथेला हिशेब विचारू नये. बर्फ पडतोय, दिवे लागलेत, दोन देखणी माणसं आहेत, कोको प्या आणि बघा. भोपळ्याची गाडी कशी झाली हे सिंड्रेलाला कुणी विचारत नाही. मी दर डिसेंबरात बघते आणि शेवटी हातमोजा पडतो तिथे दर वेळी रडते. माझं मत संपलं.

हडसनकाठ

जर्सी सिटीत राहतो, त्यामुळे भारतातून येणाऱ्या प्रत्येक मावसबहिणीला सिनेमातल्या त्या 'सेरेन्डिपिटी ३' कॅफेत नेणं माझ्या नशिबी आलं आहे. ईस्ट ६० व्या रस्त्यावर आहे, १९५४ पासूनचं. ब्लूमिंगडेल्सपासून चालत पाच मिनिटं. ते फ्रोझन हॉट चॉकलेट म्हणजे परातीएवढ्या वाडग्यात गारेगार चॉकलेट आणि वर क्रीमचा डोंगर. दोघांत एक घेतलं तरी उरतं. सिनेमात दोघं कसे अलगद जाऊन बसतात! सुट्टीच्या दिवसांत बाहेर ताटकळल्याशिवाय आम्हाला काही टेबल मिळालेलं नाही.

सिनेमाबद्दल: इकडे तो ५ ऑक्टोबर २००१ ला लागला, जुळे मनोरे पडून महिनाही झाला नव्हता. शहराच्या दृश्यांतून ते मनोरे संगणकावर पुसून टाकले होते. त्या वेळच्या लोकांना हे गोड शहर बघून काय वाटलं असेल याचा विचार करून मी या सिनेमाला बरंच माफ करतो.

आणखी एक. यातला सगळा पाठलाग कागदावर चालतो. चिठ्ठी, नोट, पुस्तक, ब्लूमिंगडेल्सची पावती. पावतीवर खातेक्रमांक असतो, म्हणून जोनाथन युजीन लेव्हीने केलेल्या त्या खडूस विक्रेत्याची मनधरणी करतो. तो पठ्ठ्या आधी त्याला माल विकत घ्यायला लावतो, काउंटरची हद्द ओलांडली की दटावतो. अख्ख्या सिनेमातला सर्वांत खरा माणूस तोच. आज हीच गोष्ट केली तर टिवल्याबावल्यांचा रुमाल ओला व्हायच्या आत सारा इन्स्टाग्रामवर सापडेल.

निवृत्त रोखपाल

राष्ट्रीयीकृत बँकेत आयुष्य गेलं, त्यामुळे नोटेबद्दल बोलण्याचा अधिकार मला आहे असं समजतो. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हचा सध्याचा अंदाज असा की पाच डॉलरची नोट चलनात सरासरी पाच-सहा वर्षं टिकते. सिनेमात मधे काही वर्षं जातात. म्हणजे ती नोट जिवंत असणं शक्य कोटीतलं आहे. पण लिहिलेली, हाताळलेली, मळकी नोट एकदा बँकेत आली की मोजणीत बाजूला निघते आणि नष्ट व्हायला जाते. तेव्हा ती नेमकी साराच्या मैत्रिणीच्या पाकिटात येणं म्हणजे दिग्दर्शकाची कृपा.

आपल्याकडे १९९९ मध्ये रिझर्व्ह बँकेने स्वच्छ नोट धोरण आणलं. तोवर आम्ही गड्ड्यांना खुशाल स्टेपल मारत होतो. नोटांवर लिहू नका असंही लोकांना सांगण्यात आलं. कोण ऐकतंय! हिशेब, मोबाइल नंबर, बाणाने छेदलेली बदामं, 'श्रीराम', सगळं पाहिलं. २०१६ मध्ये तर दहाच्या नोटेवरची बेवफाईची तक्रार देशभर फिरली. एकदा वीसच्या नोटेवर निळ्या शाईत लिहिलेलं आलं: 'बाळू फोन कर, आई वाट बघते.' नंबर नाही, गाव नाही. नियमाने ती मळक्यांत टाकायला हवी होती. मी चांगल्या गड्डीत सरकवली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला दिली.

त्यामुळे साराला मूर्ख म्हणवत नाही. पण तिने वरून दिलेली चांगली नोट मुद्दाम गोळ्यांच्या पाकिटावर खर्चली, हे मात्र रोखपाल म्हणून मला अमान्य.

केळफूल

काका, बाळूची नोट वाचून मी दोन मिनिटं गप्प बसले. आता साराला शिव्या घालायला पुन्हा जोर आणावा लागेल.

वाचनमात्र

ते पुस्तक कोणतं आहे हे कुणीच सांगितलं नाही. गार्सिया मार्केझची 'लव्ह इन द टाइम ऑफ कॉलरा', मूळ स्पॅनिश १९८५ ची. सिनेमावाल्यांनी नाव बघून उचललेली दिसते, आत डोकावले असते तर पंचाईत झाली असती.

त्या कादंबरीत फ्लोरेन्तिनो फर्मिनासाठी ५१ वर्षं, ९ महिने आणि ४ दिवस थांबतो. पण थांबतो म्हणजे हातावर हात ठेवून नाही. पत्रांचे ढीग लिहितो, काकांच्या जहाज कंपनीत खालपासून चढत चढत मालक होतो. (मधल्या काळात ६२२ प्रकरणं करून वहीत नोंदवतोही, ते सोडा.) शेवटी तिचा डॉक्टर नवरा आंब्याच्या झाडावर बसलेला पोपट पकडायला शिडीवर चढतो, पडतो आणि जातो. तेव्हा कुठे याला संधी मिळते. यात नशीब असलंच तर पोपटाएवढं. बाकी नुसता हट्ट.

मला महत्त्वाचा वाटतो तो कादंबरीतला बाजाराचा प्रसंग. दोघं कोवळ्या वयात चोरून पत्रं लिहीत असतात. वडील तिला लांब घेऊन जातात. परत आल्यावर बाजारात ती खरेदी करत असताना तो मागून बोलतो. ती वळते, त्याला जवळून बघते, आणि क्षणात तिच्या लक्षात येतं की आपण स्वतःच रचलेल्या एका भासावर प्रेम करत होतो. तिथल्या तिथे त्याला निरोप देते. साराला बहुधा या बाजाराची भीती आहे. दुसऱ्या दिवशी उजेडात भेटला आणि साधा निघाला तर? त्यापेक्षा नोट खर्चून टाकलेली बरी, संध्याकाळ तरी शाबूत राहते.

शेवग्याची शेंग

मी साराच्या बाजूने. तुम्ही सगळे एक गोष्ट विसरताय. त्या पहिल्या संध्याकाळी दोघांचंही कुणीतरी आधीच आहे! आणि समोर आहे तो ओळख ना पाळख, दुकानात भेटलेला इसम. अशा वेळी बाईने थेट नाही म्हटलं तर शिष्ट, हो म्हटलं तर उथळ. मग नशीब पुढे करायचं.

मी काही वर्षं एका वधूवर सूचक मंडळात काम केलं आहे. 'पत्रिका जुळत नाही' या तीन शब्दांत काय काय मावतं ते आम्हाला विचारा. मुलाचे दात आवडले नाहीत, सासू खवट वाटली, मुलगी दुसरीकडे गुंतली आहे, सगळ्याला एकच उत्तर: नाडीदोष निघाला. कुणाचा अपमान नाही, कुणाची नाचक्की नाही. आणि स्थळ मनात भरलं असेल तर तीच नाडी गुरुजींकडून शांत करून घेतात. सारानेही तेच केलं, फक्त गुरुजींच्या जागी वारा आणि लिफ्ट.

आपल्याकडे याचाच 'मिलेंगे मिलेंगे' झाला, शाहिद-करीना. पाच डॉलरच्या जागी पन्नास रुपये आणि मार्केझच्या जागी अंकशास्त्राचं पुस्तक. सिनेमा रखडत रखडत २०१० मध्ये लागला तेव्हा पडद्याबाहेर दोघं केव्हाच वेगळे झाले होते. पडद्यावर नियती त्यांना जवळ आणतेय आणि थिएटरात आम्ही एकमेकींकडे बघतोय.

ता. क. साराचा होणारा नवरा लार्स सनई वाजवतो हे पाहिलंत ना? माझ्या सासऱ्यांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. म्हणाले, हिच्या लग्नात सनईवाल्याचा खर्च वाचला.

केळफूल

शेंगताई, नम्र नकाराचा मुद्दा चोख आहे. पण मग लिफ्टचा खेळ कशाला? नकार द्यायचा तर टॅक्सी पकडून निघून जा. वाचनमात्र म्हणतात तेच मला जास्त पटतं: तिला संध्याकाळ हवी होती, माणूस नको होता.

आता हॅली. मीच मांडते, बाकी कुणी हात लावला नाही.

आठवा, पुस्तक जोनाथनपर्यंत कसं पोचतं? लग्नाच्या आदल्या दिवशी हॅली त्याला भेट म्हणून देते. का देते? कारण कुठल्याही पुस्तकांच्या दुकानात गेलं की हा माणूस तेच पुस्तक उचलून चाळतो हे तिने पाहून ठेवलंय. तिला वाटलं याच्या आवडीचं आहे. तो पहिलं पान उघडतो आणि आत साराचं नाव! सिनेमा म्हणतो, बघा नियतीची करणी. मी म्हणते, करणी हॅलीची. होणाऱ्या नवऱ्याकडे लक्ष दिलं तिने, आणि त्या लक्ष देण्यानेच तिचं लग्न मोडलं. बरं, मोडलं ते पडद्यामागे. साराला रिकामा हॉल दिसतो, आवराआवर चाललेली असते. हॅली काय म्हणाली, रडली का, त्या पुस्तकाचं काय केलं, एक ओळ नाही. जोनाथनचा मित्र डीन मृत्युलेख लिहिणारा पत्रकार, त्याला जोनाथनचा नमुना-मृत्युलेख लिहायला भरपूर वेळ आहे. पण तिला पाच मिनिटं द्यायला कुणाला सुचलं नाही.

सनईवाल्या लार्सचं मला वाईट वाटत नाही. तो स्वतःच्या संगीतात इतका बुडालेला आहे की सारा गेल्याचं त्याला पुढच्या दौऱ्यात कळेल.

टिवल्याबावल्या

झालं! आता यंदा डिसेंबरात मी हॅलीसाठी रडणार. कोको थंड झाला, काय करू?

निवृत्त रोखपाल

हॅलीच्या मुद्द्याला माझी सही. केळफूल, पुढच्या महिन्याचा सिनेमा आधी कळवा, आमच्या सौ. म्हणतायत की पुरुषांनाही कट्ट्यावर प्रवेश असावा. पोहे मी आणतो.

केळफूल

काका, पोह्यांचं ठरलं तर बाकीच्या जणींची मंजुरी मी काढते. पण सिनेमा चालू असताना नोटेच्या आयुर्मानावर बोलायचं नाही, ही अट.