पदकाच्या कडेवर फक्त नाव असलं तरी

आधीच्या प्रतिसादात कुणीतरी म्हटलंय की ज्या पदकाच्या कडेवर सैनिकाचा नंबर नाही, ते घेऊच नये, माणूस सापडत नाही. गोव्यात बसून मला हे पटत नाही. इथल्या घरांतून निघणारं पहिल्या महायुद्धाचं ब्राँझचं मर्कंटाइल मरीन पदक घ्या, म्हणजे व्यापारी बोटींवरच्या खलाशांना मिळालेलं. त्यावर नावच असतं, नंबर नाही. असं एक मला म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळालं. मागच्या बाजूला खवळलेल्या समुद्रात बोट आणि बुडणारी पाणबुडी. रिबन हिरवी-तांबडी, मध्ये बारीक पांढरा पट्टा. म्हणजे बोटीवरच्या दिव्यांचेच रंग. कुणीतरी चिंचेने घासघासून लखलखीत केलेलं, त्यामुळे 'फर्नांडिस' टॉर्च आडवी धरल्यावरच वाचता आलं. कृपा करून पदकं घासू नका, नाव गेलं की सगळं गेलं!

आता फर्नांडिस गावागणिक शंभर, हे खरं. पण आपले तारवटी, म्हणजे बोटीवरचे गोवेकर खलाशी, मुंबईत धोबीतलावला आपापल्या गावाच्या कुडात (गावकऱ्यांच्या राहायच्या क्लबात) उतरायचे, म्हणून गाव कळलं की अर्धं काम झालं. विकणाऱ्याला आधी तेच विचारा: कुठल्या वाड्यावरच्या घरातून आलं? पुढे चर्चमधली बाप्तिस्म्याची नोंद. शिवाय १९१८ ते १९२१ मधली ब्रिटिश व्यापारी बोटींवरच्या खलाशांची नोंदणी कार्डं इंग्लंडात साउदॅम्प्टनला जपलेली आहेत, त्यांतल्या बऱ्याच कार्डांवर फोटो आहे. माझ्या फर्नांडिसचं गाव कळलंय, बार्देशातलंच. कार्डासाठी पत्र धाडलंय.