चवळीवर काळा मावा, औषध न मारता काय करू?

चवळीवाली, सांगली:
परसात दहा बाय आठचा वाफा. चवळीच्या शेंड्यांवर मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, असा दाटलाय की देठ दिसत नाही. पानं चिकट, मुंग्यांची रांग चालूच. वर काळ्या, नारिंगी ठिपक्यांच्या अळ्या आल्या, त्या कालच चिमट्याने वेचून मारल्या. रासायनिक नको, नातू शेंगा कच्च्याच खातो.

माळीबुवा:
अरेरे ताई, ती ढालकिड्याची, म्हणजे लेडीबगची, पिल्लं! तीच तर मावा फस्त करतात. उरली असतील त्यांना हात लावू नका. मुंग्या मात्र हटवा, त्या गोड चिकट्यासाठी माव्याची राखण करतात. आधी पाइपने जोरात पाणी मारा. मग 50 ग्रॅम कुटलेली निंबोळी लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून गाळा, चिमूटभर साबणचुरा घाला. फवारणी संध्याकाळी, कारण उन्हात अर्काचा जोर जातो. पानांच्या खालून मारा, वरून म्हणजे नुसती आंघोळ! अळ्या असलेले शेंडे सोडा.

कोकणकर:
फारच भरलेले शेंडे खुडून साबणाच्या पाण्यात बुडवा. वेल पुन्हा फुटतो.

चवळीवाली:
सतरा मारल्या हो. मोजल्याही होत्या, कौतुकाने. आज सकाळी एक दिसली, तिच्यासाठी अख्खा शेंडा राखलाय.