कुस्ती मैदानाच्या फ्लेक्ससाठी लेयरची मांडणी कशी करावी?

मंगळवारपेठकर:
आमच्या तालमीतर्फे २६ जून रोजी, राजर्षी शाहू जयंतीनिमित्त, लावायचा फ्लेक्स मी फोटोशॉपमध्ये तयार करीत आहे. मागे कोल्हापूरचे खासबाग मैदान, पुढे दोन पैलवान, वर मजकूर आणि कोपऱ्यात गदेचे क्लिप आर्ट अशी लेयरची, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या थरांची, मांडणी योजली आहे. गदेभोवतीचा पांढरा चौकोन भगव्या पट्टीवर उठून दिसतो, तर ‘कुस्त्यांचे’ आणि ‘राजर्षी’ या शब्दांतील जोडाक्षरे सुटतात. कृपया मार्गदर्शन करावे.

रंकाळाकाठ:
आपले क्लिप आर्ट बहुधा जेपीजी असावे. त्या प्रकारच्या फाइलमध्ये पारदर्शकता साठवता येत नाही, म्हणून शक्यतो पारदर्शक पार्श्वभूमीचे पीएनजी घ्यावे. ते न मिळाल्यास लेयरचा ब्लेंड मोड (खालच्या लेयरमध्ये मिसळण्याची पद्धत) ‘मल्टिप्लाय’ केल्यावर पांढरा भाग नाहीसा होतो, मात्र खालचा भगवा रंग गदेच्या सोनेरी रंगात मिसळून ती काळपट दिसते. त्यापेक्षा लेयर मास्क बरा. मास्कवर काळा रंग फिरवला की तेवढा भाग झाकला जातो आणि पांढरा फिरवला की परत दिसतो, मूळ चित्राला धक्का लागत नाही. खोडरबराने पुसलेला भाग मात्र फाइल बंद केल्यावर परत मिळत नाही. पैलवानांच्या कडाही मास्कनेच कापाव्यात.

अक्षरजुळणी:
जोडाक्षरांचा दोष सहसा फाँटचा नसतो. फोटोशॉपची आवृत्ती जुनी असल्यास मजकुराचा लेयर निवडून पॅरेग्राफ पॅनेलच्या मेनूतून ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर (अक्षरे जुळवणारी सोय) घ्यावा आणि ‘मुक्त’ किंवा ‘बलू’ यांसारखा युनिकोड फाँट वापरावा. मजकूर रास्टराइझ करू नये (त्याचे ठिपक्यांत रूपांतर करू नये), कारण त्यानंतर तो केवळ चित्र उरतो आणि एखाद्या नावातली वेलांटी सुधारायची तरी सगळे नव्याने टाइप करावे लागते.

मंगळवारपेठकर:
‘राजर्षी’चा रफार जागेवर आला, आभारी आहे. आता अडचण मान्यवरांच्या फोटोंची आहे. त्यांचा क्रम अखेरच्या रात्रीपर्यंत ठरत नाही!

रंकाळाकाठ:
ते कोणत्याच तालमीत ठरत नाही. प्रत्येक फोटो स्मार्ट ऑब्जेक्ट (मूळ चित्र आत जपणारा लेयर) करून ठेवल्यास ‘रिप्लेस कंटेंट्स’ने नवा फोटो त्याच जागी बसतो, आणि सर्वांचा एक ग्रुप केल्यास पूर्ण रांग एकत्र सरकवता येते. छपाईवाल्याला फ्लॅटन केलेली, म्हणजे सर्व लेयर एकत्र केलेली, प्रत द्यावी, पण लेयरसह पीएसडी (फोटोशॉपची मूळ फाइल) आपल्याकडे जपून ठेवावी. व्हॉट्सॲपवर पाठवताना ती प्रत ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडावी. फोटो म्हणून पाठवल्यास ती आक्रसते आणि मोठ्या फ्लेक्सवर चेहरे फुटतात.