शॉन पॉलचा ग्रॅमी कोणत्या सालचा? आणि ‘दिवाळी’चं काय?

प्रश्न (टिपणवही): जमैकाचा गायक शॉन पॉलच्या कारकिर्दीवर टिपण करतेय. ग्रॅमी कुठे 2003चा दिलाय, कुठे 2004चा. तो ‘गेट बिझी’ला मिळाला की अल्बमला? अमेरिकेत पहिल्या क्रमांकाची गाणी दोन धरायची की चार? आणि ‘दिवाळी रिडिम’ म्हणजे आपलीच दिवाळी का?

रेगेवेडा: 2004 लिहा. पुरस्कार ‘डटी रॉक’ला, सर्वोत्कृष्ट रेगे अल्बम म्हणून, ‘गेट बिझी’ हे त्यातलं एक गाणं. अल्बम आला नोव्हेंबर 2002मध्ये, सोहळा झाला 8 फेब्रुवारी 2004ला. कुणी सोहळ्याचं साल लिहितं, कुणी त्याच्या आदलं, तिथेच घोळ होतो. तुम्ही टिपणभर सोहळ्याचंच साल धरा. मग शाब्बा रँक्स 1992 आणि 1993, बीनी मॅन 2001, शॉन पॉल 2004 अशी रांग नीट लागते. तिघेही डान्सहॉलचे, म्हणजे रेगेतून निघालेल्या नाचाच्या जमैकी संगीताचे, पण पुरस्कार रेगे विभागातला. हे आवर्जून लिहा, त्याशिवाय शाब्बानं डान्सहॉलसाठी उघडलेल्या दाराचं मोल कळत नाही.

बोर्डवाचक: बिलबोर्ड हॉट 100वर, म्हणजे अमेरिकेतल्या गाण्यांच्या साप्ताहिक क्रमवारीत चार, पण दोन रकाने करा. स्वतःच्या नावावर ‘गेट बिझी’ (2003, 3 आठवडे) आणि ‘टेंपरेचर’ (2006, 1 आठवडा). पाहुणा म्हणून बियॉन्सेचं ‘बेबी बॉय’ (2003, 9 आठवडे) आणि सियाचं ‘चीप थ्रिल्स’ (2016, 4 आठवडे). सगळी एकत्र मोजली तर कारकीर्द फुगलेली दिसते, पाहुणी गाणी गाळली तर खुजी. 2006चा अमेरिकन म्युझिक अवॉर्ड सोडू नका. तो पॉप-रॉक विभागात आवडता पुरुष कलाकार म्हणून मिळाला, रेगे विभागात नव्हे. जमैकातल्या किंग्स्टनच्या डान्सहॉल गायकासाठी ही फार मोठी मजल आहे.

ठेकेदार: हो, नाव आपल्या सणावरूनच. रिडिम म्हणजे तयार वाजवलेला ठेका आणि साथ. त्यावर अनेक गायक आपापली गाणी चढवतात. हा बांधला स्टीव्हन ‘लेंकी’ मार्सडेननं. ‘गेट बिझी’ लावा आणि लगेच वेन वंडरचं ‘नो लेटिंग गो’, दोन्ही याच रिडिमवरची. मिनिटाला साधारण 100 ठोके, आडव्या पडणाऱ्या त्याच टाळ्या. एकावर धसमुसळा नाच, दुसऱ्यावर हळवं प्रेमगीत. म्हणून ‘चाल चोरली’ असं लिहू नका, जमैकात ही रीतच आहे. श्रेय देताना गायकाशेजारी लेंकीचं नाव हवंच, तेच नेहमी गळतं.

टिपणवही: ‘टेंपरेचर’ही दिवाळीवरच का?

ठेकेदार: नाही, त्याचा रिडिम ‘अप्लॉज’.