डेरीच्या भिंती: राखायच्या की पुसायच्या?

खडूफळा:
उत्तर आयर्लंडमधल्या डेरीला जाऊन आठवडा झाला, पण तिथल्या भिंती डोक्यातून जात नाहीत, म्हणून हा धागा. उत्तर आयर्लंडात आयर्लंडशी जोडून घेऊ पाहणारे कॅथलिक आणि ब्रिटनमध्येच राहू पाहणारे प्रॉटेस्टंट यांच्यात सुमारे तीस वर्षं हिंसाचार चालला, १९९८मध्ये शांतता करार झाला. शहराच्या जुन्या तटाखाली बॉगसाइड ही कॅथलिक वस्ती आहे. तिथे रॉसव्हिल स्ट्रीटला घरांच्या अख्ख्या भिंती व्यापणारी बारा चित्रं आहेत. टॉम केली, विल्यम केली आणि केविन हॅसन या तिघांनी ती १९९०च्या दशकापासून एकेक करत रंगवली. एका चित्रात एक पाद्री पांढरा रुमाल हलवत वाकून चाललाय आणि मागे माणसं एका पोराला उचलून नेताहेत. ३० जानेवारी १९७२ला याच भागात ब्रिटिश सैन्याने मोर्चातल्या नि:शस्त्र लोकांवर गोळ्या झाडल्या. तेरा जण तिथेच गेले, चौदावा नंतर. पहिल्या चौकशीने सैन्याची बाजू उचलून धरली. मेलेले निर्दोष होते हे सरकारने मान्य करायला जून २०१० उजाडावं लागलं.
आमच्याबरोबरचे एक गृहस्थ म्हणाले, "आता शांतता आहे, फुलं-पक्षी काढा की." मला हे मुळीच पटलं नाही. सरकारी कागद खोटं बोलत होते तेव्हा या भिंती खरं सांगत होत्या. त्यांना हात लावू नये.

लेकुरवाळी:
सपशेल असहमत. तुम्ही चित्र बघून गाडीत बसलात. मी २००८पासून बेलफास्टला राहते. सँडी रो या प्रॉटेस्टंट वस्तीच्या तोंडाशीच भिंतीवर बुरखा घातलेला बंदूकधारी होता, भलामोठा. माझा लेक चार वर्षांचा असताना माझा हात घट्ट धरून म्हणाला, "आई, ते काका आपल्याला मारणारेत का?" काय सांगायचं त्याला? २०१२मध्ये तो बंदूकधारी पुसून तिथे सतराव्या शतकातला प्रॉटेस्टंटांचा राजा विल्यम रंगवला. त्या रस्त्याने जाताना मला पहिल्यांदा मोकळा श्वास घेता आला. इथल्या सरकारी कलासंस्थेने, आर्ट्स कौन्सिलने, २००६पासून अशा चित्रांच्या जागी वस्तीतल्याच लोकांना विचारून नवी चित्रं काढायला पैसे दिले. योग्यच केलं.

खडूफळा:
ताई, त्या प्रसंगाबद्दल वाईट वाटलं. पण दोन्ही एका मापाने मोजू नका. तो बंदूकधारी धमकावत होता. बॉगसाइडला शाळेच्या गणवेशातली ॲनेट मॅकगॅव्हिगन आहे. १९७१च्या सप्टेंबरमध्ये चौदा वर्षांची असताना गोळी लागून गेली. ती कुणाला धमकावते?

लेकुरवाळी:
ती नाही धमकावत. पण त्याच रस्त्यावर गॅसमास्क घातलेला, हातात पेट्रोल बॉम्ब घेतलेला पोरगाही आहे. तो तेरा वर्षांच्या मुलांना काय शिकवतो?

दगडीचाळ:
ॲनेटचं चित्र मी दोनदा पाहिलंय, म्हणून मध्ये बोलतो. खडूफळा, तुम्ही "हात लावू नये" म्हणता, पण त्याच चित्राला हात लागलाय, आणि तोही चित्रकारांचाच! १९९९मध्ये रंगवलं तेव्हा तिच्या बाजूची रायफल अख्खी होती आणि वरच्या फुलपाखराची नुसती रेघ होती, आत रंग नव्हता. शांतता टिकेल याची खात्री वाटेपर्यंत त्यांनी ते तसंच ठेवलं. २००६मध्ये रायफल मोडलेली दाखवली आणि फुलपाखरात रंग भरला. माझ्या मते त्या रस्त्यावरचं हे सगळ्यात मोठं काम आहे. पुसणं वेगळं आणि पुढे रंगवणं वेगळं.
आणि बॉगसाइडचीच 'फ्री डेरी'ची भिंत? रहिवाशांनी पोलिसांना आत येऊ न देता वस्तीला 'मुक्त डेरी' म्हटलं होतं. "आता तुम्ही मुक्त डेरीत प्रवेश करत आहात" हे १९६९च्या जानेवारीत एका घराच्या बाजूच्या भिंतीवर लिहिलं. मागची घरं पाडली, भिंत तेवढी एकटी उभी आहे. २०१९मध्ये लायरा मॅकी ही पत्रकार डेरीच्याच क्रेगन वस्तीत दंगलीचं वार्तांकन करताना गोळीने गेली, तेव्हा याच भिंतीवर "आमच्या नावाने नको" असं लिहिलं गेलं. जिवंत भिंत आहे ती, तिला काचेत घालू नका.

तटावरून:
सगळे बॉगसाइडबद्दलच बोलताय. तटाच्या पलीकडे फाउंटन ही छोटी प्रॉटेस्टंट वस्ती आहे, तिचं काय? तिथे फुटपाथच्या कडेचे दगड ब्रिटिश झेंड्याच्या लाल-पांढऱ्या-निळ्या रंगांत रंगवलेत आणि काळ्या भिंतीवर पांढऱ्या अक्षरांत लिहिलंय की पश्चिम तीरावरचे निष्ठावंत (म्हणजे ब्रिटिश राजसत्तेशी एकनिष्ठ प्रॉटेस्टंट) अजूनही वेढ्यात आहेत, शरण जाणार नाहीत. हा वेढा १६८९चा, १०५ दिवसांचा, कॅथलिक राजा जेम्सच्या सैन्याने प्रॉटेस्टंट डेरीला घातलेला. फॉइल नदीच्या या बाजूला आता ते मूठभर उरलेत, त्यांना तो आजही जाणवतो. ती भिंतही राखायची ना? की दु:ख आपल्याला पटेल तेवढंच राखायचं? आणि ताईंच्या सँडी रोच्या भिंतीवरचं वाक्य आठवा: "आता तुम्ही निष्ठावंत सँडी रोमध्ये प्रवेश करत आहात." वाक्य डेरीचंच, फक्त उलट्या बाजूने.

लेकुरवाळी:
हो, तेच वाक्य होतं. बंदुकीच्या भीतीने मी ते कधी नीट वाचलंच नव्हतं. तरी बंदूक गेली याचा मला आनंदच आहे. वाक्य राहिलं असतं तर माझी हरकत नव्हती.

खडूफळा:
फुलपाखराची गोष्ट मला ठाऊक नव्हती. "हात लावू नये" हे मागे घेतो. हात कुणी लावायचा हे मात्र तिथे राहणाऱ्यांनीच ठरवावं, पैसे देणाऱ्यांनी नव्हे. फाउंटनबद्दल माझ्याकडे उत्तर नाही. आम्ही ती भिंत तटावरूनच पाहिली, खाली उतरून कुणाशी बोललो नाही.