बडोद्यात राहून सिंगापुरात कंपनी नोंदवता येते का?

प्रश्न: आम्ही दोघी बहिणी दांडिया बाजारात बसून दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. सिंगापूरच्या गिऱ्हाइकांना तिथल्याच कंपनीचं बिल हवंय. जमेल?

उत्तर: जमेल ताई. पूर्ण मालकी तुमची चालते, भांडवल १ सिंगापूर डॉलरही पुरतं. अर्ज मात्र तिथल्या नोंदणीकृत एजंटमार्फतच. एक संचालक तिथला रहिवासी हवाच, सहा महिन्यांत कंपनी सेक्रेटरीही (कंपनीची कायदेशीर कागदपत्रं सांभाळणारा) नेमावा लागतो. दरवर्षीचा खरा खर्च या दोघांचा, तो आधी विचारा.

दुसरं उत्तर: भांडवल पाठवण्याआधी इथल्या बँकेत फॉर्म एफसी (परदेशातल्या गुंतवणुकीचा अर्ज) भरून रिझर्व्ह बँकेचा यूआयएन, म्हणजे त्या गुंतवणुकीचा ओळख क्रमांक, घ्या. हे कृपा करून टाळू नका!

प्रश्नकर्ती: मावसभाऊ तिथे पीआर (कायमचा रहिवासी) आहे, तो संचालक चालेल?

उत्तर: चालेल. पण कायद्याने जबाबदारी त्याच्यावरही येते, हे त्याला आधी नीट सांगा.