वाशिष्ठीकाठच्या गावाचा आपत्ती धोका कसा मोजायचा?

खाडीकाठ:
चिपळूण तालुक्यातल्या आमच्या ग्रामपंचायतीचा आपत्ती आराखडा नव्याने करायचा आहे. एक वाडी नदीला लागून, दोन डोंगरउतारावर. जुन्या आराखड्यात अख्ख्या गावाला पूर, दरड, वादळ, भूकंप सगळ्यापुढे 'मध्यम' लिहिलंय. त्यावरून कोणाला कधी हलवायचं ते कळत नाही. सुरुवात कुठून करावी?

पाणलोट:
गावाची सरासरी काढूच नका. तक्त्यात एका ओळीत एक वाडी आणि एकच धोका. पुढे तीन रकाने: किती वेळा येतो, किती घरं-माणसं सापडतात, बाहेर पडायला वेळ किती मिळतो. तिसरा रकाना सहसा कोणी भरत नाही, आणि जीव त्यावरच वाचतात.

२२ जुलै २०२१ च्या पुराच्या खुणा भिंतींवर उरल्या असतील त्या रंगकामात जाण्याआधी मोजा. मोबाइलच्या जीपीएसची उंची कित्येक मीटर चुकते. गवंड्याची पारदर्शक पाण्याची नळी घ्या, शाळेचं जोतं शून्य धरा आणि प्रत्येक घराचं जोतं त्याच्याशी ताडा. नळीत बुडबुडा राहिला किंवा एक तोंड बंद असलं तर माप फसतं.

निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदाच्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या. म्हणजे दर वर्षी ४ आणि १ टक्का शक्यता. ३० वर्षांचा हिशोब केला तर निळ्या रेषेवरच्या घराला पाणी लागण्याची शक्यता ७१ टक्के होते, लाल रेषेवर २६. शिवाय उधाणाच्या भरतीला नदी खाडीत रिकामी होत नाही; अमावास्या-पौर्णिमेच्या भरतीच्या वेळा तक्त्याला जोडा. वर मातीचं धरण असेल तर त्याची ओळ वेगळी. आपल्याच तालुक्यातलं तिवरे धरण २ जुलै २०१९ ला रात्री फुटलं. अशा वेळी तिसऱ्या रकान्यात मिनिटंच उरतात.

कातळसडा:
वरच्या वाड्यांना पूररेषेसारखा हिशोब चालत नाही. 'इथे कधी दरड आली नाही' यावर तर मुळीच विसंबू नका. रायगड जिल्ह्यातली इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, १९ जुलै २०२३ च्या रात्री गाडली गेली.

भूकोशवरचा (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं संकेतस्थळ) दरडींचा नकाशा बघा, पण तो १:५०,००० चा, म्हणजे एका सेंटिमीटरात अर्धा किलोमीटर. वाडी त्यात नखाएवढी दिसते. डोंगर पायीच फिरावा लागेल. जांभ्या दगडाखालच्या शेडीत, म्हणजे मऊ चिकणमातीत, पाणी मुरून साचलं की वरचा थर सरकतो. म्हणून घरामागे जेसीबीने उभा कापलेला उतार, वरच्या अंगाच्या भेगा, कललेली झाडं, नवा फुटलेला किंवा अचानक गढूळलेला झरा, सगळं नोंदवा. भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून पावसाळ्यात रोज टेपने अंतर घ्या. वाढतंय असं दिसलं की वाडी हलवा, पावसाच्या आकड्यासाठी थांबू नका. पऱ्याच्या (डोंगरातल्या ओढ्याच्या) तोंडाशी असलेली घरंही यात धरा. मलबा पऱ्यानेच खाली येतो.

खाडीकाठ:
आणि वादळ, भूकंप?

पाणलोट:
वादळाची सूचना आधी मिळते, पण ३ जून २०२० च्या 'निसर्ग'नंतर वीज आणि मोबाइल दोन्ही गेले होते. बॅटरीवरचा भोंगा आणि वाडीवार निरोप्या ठरवा. भूकंपाला सूचना नाहीच. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा धक्का लक्षात घेऊन मातीत रचलेल्या चिऱ्यांच्या आणि वर काँक्रीटचा पट्टा नसलेल्या भिंतींची घरं तेवढी मोजून ठेवा.